पुसलं जाणार हे माहीत असताना भिंत का रंगवायची?

प्रश्न असा आला आहे: "घरात, कामाच्या ठिकाणी, समाजात जे सोसावं लागतं त्याबद्दल बोलायची सोय नाही. बोललं की गप्प केलं जातं. हे सगळं भिंतीवर रंगवून टाकलं तर मन खरंच मोकळं होतं का? दुसऱ्या दिवशी कुणीतरी पुसणारच असेल तर एवढा खटाटोप कशाला? आणि मला धड चित्रं काढता येत नाहीत, मग मी काय करावं?"

मी भिंती रंगवतो आणि रंगवू पाहणाऱ्यांबरोबर काम करतो. त्यातून बनलेलं मत आधी सांगून टाकतो. मन मोकळं करायला भिंत लागत नाही. वही पुरते, जवळचं माणूस पुरतं, आणि दोन्ही भिंतीपेक्षा सुरक्षित असतात. रंगवून झाल्यावर हलकं वाटतं हे खरं, पण ते सकाळपर्यंतच. उजाडल्यावर आपलंच काम कच्चं दिसायला लागतं आणि मूळ दुखणं जागच्या जागी असतं.

भिंतीचं काम वेगळं आहे. दडपशाही टिकते ती माणसांना एकेकटं ठेवून. चौकात शंभर माणसं उभी असतात, शंभरांना एकच गोष्ट खुपत असते, आणि प्रत्येकाला वाटतं की हे फक्त मलाच खुपतंय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्याला शेजारचाही तोच मार खातोय हे कळायला मार्ग नसतो. ती गोष्ट भिंतीवर आली की कळतं. म्हणून रस्त्यावरच्या चित्राचं मोजमाप मी चित्रकाराला किती बरं वाटलं यावरून करत नाही. ते बघून दुसऱ्या कुणाचा हात पुढे आला का, एवढंच बघतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला चिलीचं वाटतं. तिथे भिंती रंगवण्याची पक्की घडी बसलेली होती. 'ब्रिगादा रामोना पारा' या गटात कामं वाटलेली असत: एक जण रेषा मारायचा, दुसरा पार्श्वभूमी भरायचा, तिसरा आकारांत रंग भरायचा आणि शेवटचा काळी कड काढत जायचा. लांबलचक भिंत झपाट्याने पुरी व्हायची. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सत्ता घेतली आणि ही चित्रं पुसली गेली. चित्रकार रोबेर्तो मात्ताने १९७१ साली या गटाबरोबर सान्तियागोच्या ला ग्रान्हा भागात केलेलं मोठं चित्रही रंगाच्या थरांखाली गेलं. ते थर खरवडून चित्र पुन्हा उजेडात यायला तीसहून जास्त वर्षं लागली.

लष्कराने सत्ता घेतल्याला दहा वर्षं झाली तेव्हा, १९८३ साली, 'कादा' नावाच्या छोट्या गटाने शहरातल्या भिंतींवर फक्त 'नो' हा शब्द आणि त्यापुढे बेरजेचं चिन्ह रंगवलं. गटात कवी राउल सुरिता, लेखिका दियामेला एल्तित, कलावंत लोती रोसेन्फेल्द अशी मंडळी होती. स्पॅनिश बोलणारा माणूस ते 'आता आणखी नको' असं वाचतो. काय नको, ते लिहिलेलंच नव्हतं. पुढची जागा मोकळी सोडली होती. येणाऱ्याजाणाऱ्यांनी ती भरली. कुणी भूक लिहिलं, कुणी छळ, कुणी मृत्यू. पुढे ते चिन्ह मोर्चांच्या फलकांवर गेलं आणि कुणाचंच राहिलं नाही. चित्र काढणाऱ्याने सगळं सांगून टाकलं तर बघणाऱ्याला मान डोलावण्यापलीकडे काम उरत नाही. कादाने वाक्य अर्धवट सोडलं, आणि ते पुरं करायचा मोह आवरणं कठीण असतं.

दुःखाच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. इथे जरा रेंगाळतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना वाटतं की आपल्या मनात राग आहे, आणि थोडं बोलणं झालं की त्याखाली दुःख सापडतं.

अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ लष्करी राजवट होती. माणसं घरातून, रस्त्यातून उचलली जायची आणि नंतर ती कुठेच नसायची. प्रेत नाही, कागद नाही, तारीख नाही. अशा बेपत्ता माणसांचा आकडा मानवी हक्क संघटना ३०,००० सांगतात. घरच्यांना धड रडताही येत नव्हतं, कारण रडणं म्हणजे मेला हे कबूल करणं. २१ सप्टेंबर १९८३ ला ब्वेनोस आयरेसच्या प्लासा दे मायो चौकात बेपत्ता मुलांच्या आयांचा मोर्चा होता. रोदोल्फो आगेरेबेरी, हुलियो फ्लोरेस आणि गिल्येर्मो केक्सेल हे तीन कलावंत कागदाची भेंडोळी, रंग आणि ब्रश घेऊन तिथे आले. कल्पना साधी होती: जेवढी माणसं नाहीशी झाली तेवढ्या माणसाच्या उंचीच्या बाह्याकृती काढायच्या. कुणीतरी कागदावर आडवं व्हायचं, दुसऱ्याने भोवती रेघ ओढायची, मग तो कागद भिंतीवर, झाडावर, खांबावर चिकटवायचा. थोड्याच वेळात चौकातल्या लोकांनी काम हातात घेतलं. अर्ध्या तासानंतर आमची गरजच उरली नव्हती, असं त्या तिघांपैकी एकाने नंतर सांगितलं. आपल्या कामाबद्दल कुठल्याही चित्रकाराला याहून चांगलं काही म्हणता येईल असं मला वाटत नाही.

आयांच्या दोन अटी होत्या आणि त्या कुठल्याही कलाशाळेत शिकवण्यासारख्या आहेत. एक, आकृत्या जमिनीवर काढायच्या नाहीत, उभ्याच लावायच्या. जमिनीवरची बाह्याकृती म्हणजे खून झालेल्या माणसाभोवती पोलिसांनी मारलेली खडूची रेघ, आणि मुलं जिवंत परत द्या अशी तर आयांची मागणी होती. दोन, नावं लिहायची नाहीत, कारण याद्या अपुऱ्या आहेत आणि कुणी राहून जायला नको. पहिली अट पाळली गेली. दुसरी दिवस मावळेपर्यंत टिकली नाही. लोक येऊन विचारत होते, माझ्या भावाची कुठली? मग आकृतीवर नाव आणि उचलून नेल्याची तारीख लिहीत होते. गरोदर बायांच्या, लहान मुलांच्या आकृत्याही निघाल्या. रात्रीत शहराच्या मध्यभागी भिंतीभिंतीवर उभी माणसं दिसू लागली. तिथून जाताना कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटायचं, असं त्या दिवसांच्या वर्णनांत येतं.

तंत्राच्या बाजूने बघा: चेहरा नाही, रंगसंगती नाही, आत काहीही भरलेलं नाही. पण प्रत्येक आकृतीसाठी एका जिवंत माणसाला जमिनीवर पडून आपलं अंग उसनं द्यावं लागलं होतं. दुःख दाखवणं आणि दुःखात सहभागी होणं यातला फरक तिथे डोळ्यांनी दिसत होता. असं काम मी स्वतः कधी केलेलं नाही, बहुधा करूही शकणार नाही. ते त्या चौकाचं होतं.

मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेसमध्ये १९९० च्या दशकात तरुण मुलींचे खून होत राहिले आणि तपास होत नव्हता. मारल्या गेलेल्या मुलींच्या नातेवाइकांच्या 'वोसेस सिन एको' या गटाने रस्त्यातल्या खांबांवर गुलाबी चौकोन आणि त्यावर काळा क्रूस रंगवायला सुरुवात केली. दोन रंग, चार रेघा, काही मिनिटांचं काम. आज तो क्रूस जिथे दिसेल तिथे बघणाऱ्याला अर्थ सांगावा लागत नाही. कैरोच्या मोहम्मद महमूद रस्त्यावरचं काम याच्या अगदी उलट, भरगच्च होतं. १ फेब्रुवारी २०१२ ला पोर्ट सईदच्या फुटबॉल मैदानात सत्तरहून अधिक माणसं मेली. त्यानंतर अम्मार अबू बक्र आणि अला अवाद यांनी त्या रस्त्यावरची विद्यापीठाची भिंत रंगवली. एका बाजूला मेलेल्यांचे चेहरे, दुसऱ्या बाजूला प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतल्यासारख्या शोक करणाऱ्या बायका. लोक तिथे फुलं आणून ठेवायचे. त्याच वर्षी सप्टेंबरात भिंत पांढरी केली गेली आणि लगेच पुन्हा रंगली.

आता विनोदाकडे येतो, कारण गप्प बसवलेल्या माणसाकडे ते हत्यारही असतं आणि ते फार कमी वापरलं जातं. पोलंडमध्ये डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा लागू झाला. भिंतींवर सरकारविरोधी घोषणा लिहिल्या जायच्या, सरकारी माणसं त्यावर रंगाचे पट्टे मारायची, आणि शहरभर ठिगळं दिसायची. १९८२ च्या ऑगस्टअखेर व्रोत्सवाफ शहरात वाल्देमार फिद्रिख आणि त्याच्या मित्राने त्या ठिगळांवर टोपी घातलेले बुटके काढायला सुरुवात केली. घोषणा नाही, शिवी नाही, नुसता बुटका, हातात फूल. पकडल्यावर त्याने पोलिसांना तत्त्वज्ञान ऐकवलं: घोषणा हा सिद्धान्त, ठिगळ हा प्रतिसिद्धान्त आणि बुटका हा समन्वय. मार्क्सवादी सरकारला त्याच्याच भाषेत दिलेलं हे उत्तर होतं. बुटका काढला म्हणून कुणाला तुरुंगात टाकायचं तर टाकणाराच हास्यास्पद होतो. 'नारंगी पर्याय' नावाने ओळखली जाणारी ही चळवळ पुढे एवढी वाढली की १ जून १९८८ ला हजारो लोक नारंगी टोप्या घालून त्याच शहरात रस्त्यावर उतरले.

दक्षिण आफ्रिकेतलं उदाहरण मला याहून जास्त आवडतं, कारण तिथे रंग सरकारनेच पुरवला. २ सप्टेंबर १९८९ ला केप टाउनमध्ये वर्णभेदाविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी जांभळा रंग मिसळलेल्या पाण्याचे फवारे मारले. रंग लागलेली माणसं नंतर ओळखून पकडायची, हा हेतू. एक जण त्या गाडीवर चढला आणि त्याने फवारा दुसरीकडे वळवला. पांढऱ्या इमारती जांभळ्या झाल्या. नंतर भिंतीवर वाक्य उमटलं: 'सत्ता जांभळ्यांची येईल'. १९५५ च्या स्वातंत्र्याच्या सनदेत 'सत्ता जनतेची येईल' असं वाक्य आहे, आणि ते तिथे प्रत्येकाला पाठ होतं. एक शब्द बदलून भीतीचं हसू झालं.

तुमच्या प्रश्नात मात्र मला राग किंवा विनोद यापेक्षा कोंडलेपण जास्त दिसतं, आणि ते रंगवणं अवघड असतं. मोर्च्यात जाणाऱ्याला घोषणा देता येते. ज्याला पळून जावंसं वाटतंय त्याच्यासाठी घोषणा नसते. ढाक्यात २०१७ च्या सुमारास भिंतींवर एक माणूस दिसू लागला: विस्कटलेले केस, उघडं अंग, हातात पिंजरा आणि पिंजऱ्यात सूर्य. बाजूला बंगालीत लिहिलेलं, सुबोध, तू पळून जा, काळ आपल्या बाजूचा नाही. खाली 'होबेकी?', म्हणजे 'होईल का?', एवढीच सही. कुणाविरुद्ध, कशाविरुद्ध, काही नाही. तरी लोक त्याच्यासमोर थांबायचे, त्याच्याबद्दल वाद घालायचे, कारण पळून जावंसं वाटणं ही चारचौघांत न बोलण्याची गोष्ट कुणीतरी उघड बोललं होतं. सात वर्षांनी, २०२४ च्या उठावानंतर, त्याच शहराच्या भिंती विद्यार्थ्यांनी रंगवून काढल्या. रंगपूरला १६ जुलैला पोलिसांसमोर हात पसरून उभा राहिलेला आणि गोळी लागून मेलेला अबू सईद ठिकठिकाणी दिसू लागला. मी दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघतो. लोकांना हात पसरलेला माणूस आठवतो. पण २०१७ साली तो काढता आला नसता, सुबोध काढता आला.

काबूलची शम्सिया हसानी हिचं कामही याच जातीचं आहे. तिच्या चित्रांतल्या बाईचे डोळे मिटलेले असतात, तोंड काढलेलंच नसतं आणि हातात बहुतेक वेळा एखादं वाद्य असतं. तोंड नाही पण वाद्य आहे, हे एकदा बघितलं की विसरत नाही. रस्त्यावर उभं राहून रंगवणं तिला धोक्याचं असायचं, लोक शिव्या द्यायचे. म्हणून ती झटपट आटपेल एवढंच रस्त्यावर करायची आणि बाकीच्या भिंतींचे फोटो काढून त्यांवर घरी बसून रंगवायची. हा मार्ग कमी प्रतीचा आहे असं म्हणणारे मला भेटतात. त्यांना सहसा रस्त्यावर उभं राहायची भीती वाटत नसते, एवढंच मी नोंदवतो.

रागाबद्दल थोडक्यात. राग सुंदर दिसावा अशी अपेक्षा राग न आलेल्यांची असते. ब्राझीलमधल्या साओ पावलोमध्ये इमारतींच्या दर्शनी भागावर उंचच उंच टोकदार काळी अक्षरं लिहिणारी 'पिशासाओ' नावाची पद्धत आहे. ती लिहिणारे बहुतेक शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांतले, आणि जीव धोक्यात घालून चढणारे. ती अक्षरं बाहेरच्याला वाचता येत नाहीत, ती त्याच्यासाठी लिहिलेलीही नसतात. आम्ही इथवर चढून आलो होतो, एवढंच त्याला कळतं आणि तेवढंच कळावं असा हेतू असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये मेक्सिको शहरात बलात्काराच्या प्रकरणांत पोलिसांवरच आरोप झाल्यावर बायकांनी स्वातंत्र्यस्तंभाचा पायथा घोषणांनी भरून टाकला. वास्तूचं विद्रूपीकरण म्हणून ओरड झाली. तेव्हा जुन्या वास्तूंची डागडुजी करणाऱ्या स्त्री तज्ज्ञांनीच गट करून मागणी केली की आधी या घोषणांची पूर्ण नोंद करा, त्यांमागच्या तक्रारींचं बघा, आणि मग पुसण्याचं बोला. दगड स्वच्छ करणं हा ज्यांचा पेशा, त्यांनी हे म्हणावं यात बरंच काही आलं.

पुसण्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो. पुसणारा हा त्या चित्राचा सगळ्यात बारकाईने बघणारा प्रेक्षक असतो. त्याने पुसलं म्हणजे त्याला ते लागलं. आणि पुसल्यावर भिंत पहिल्यासारखी होत नाही. नवा रंग जुन्या रंगाशी कधी जुळत नाही, ठिगळ राहतं, आणि शेजारच्या प्रत्येकाला तिथे काय होतं हे माहीत असतं. इस्तंबूलमध्ये २०१३ च्या ऑगस्टमध्ये एका निवृत्त इंजिनिअरने आपल्या भागातला लांबलचक जिना इंद्रधनुष्याच्या रंगांत रंगवला. लोकांना हसू यावं एवढाच त्याचा उद्देश होता, असं तो सांगायचा. एका रात्रीत जिना पुन्हा करडा झाला. तो उन्हाळा मोठ्या आंदोलनाचा होता आणि लोक चिडलेले होते. मग देशात ठिकठिकाणी जिने रंगायला लागले. जिना पहिल्या दिवशी नुसता छान दिसत होता. त्याला राजकीय केलं ते करड्या रंगाने.

पण पुसणं नेहमी असं अंगावर उलटतंच असं मी सांगणार नाही. काबूलमध्ये २०१४ पासून 'आर्टलॉर्ड्स' गटाने स्फोटांपासून बचावासाठी उभारलेल्या काँक्रीटच्या भिंतींवर शेकडो चित्रं काढली. भ्रष्ट अधिकाऱ्यांना उद्देशून काढलेले दोन मोठे डोळे, मी तुला बघतोय म्हणणारे, त्यांतलंच एक. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने सत्ता घेतली आणि काही आठवड्यांत बरीच चित्रं पांढऱ्या रंगाखाली जाऊन त्यांवर नव्या सत्तेची वाक्यं आली. काढणाऱ्यांपैकी अनेकांना देश सोडावा लागला. पुन्हा रंगवायला तिथे कुणी उरलं नव्हतं. पुसलेलं चित्र परत उगवतं ते त्या भिंतीभोवती माणसं असतील तर.

बेलारूसची राजधानी मिन्स्कमध्ये माणसं होती, आणि त्यांनी किंमतही मोजली. ऑगस्ट २०२० मध्ये एका सरकारी कार्यक्रमात दोन डीजेंनी बदलाची मागणी करणारं एक जुनं रशियन गाणं वाजवलं आणि त्यांना दहा दिवसांची कैद झाली. रहिवाशांनी आपल्या इमारतींमधल्या खेळाच्या मैदानातल्या छोट्या खोलीच्या भिंतीवर त्या दोघांचं चित्र काढलं. पालिकेच्या माणसांनी पुसलं, रहिवाशांनी परत काढलं, पुन्हा पुसलं, पुन्हा काढलं. त्या अंगणाला लोक 'बदलाचा चौक' म्हणू लागले. संध्याकाळी चहा, गाणी, एकमेकांची ओळख. वर्षानुवर्षं एका जिन्यात राहून ज्यांनी कधी नमस्कार केला नव्हता ते आता एकमेकांना नावाने ओळखत होते. पुसायला आलेल्या बुरखाधारी माणसांना ओळखपत्र विचारणाऱ्या एका रहिवाशाला अटक झाली आणि पुढे साडेआठ वर्षांची शिक्षा. ११ नोव्हेंबरला बुरखाधारी माणसं तिथल्या रंगीत फिती काढायला आली तेव्हा रामान बंदारेन्का हा तरुण खाली उतरला. त्याला मारहाण झाली, उचलून नेलं, आणि दुसऱ्या दिवशी तो मेला.

हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, पण लपवणारही नाही. सीरियात २०११ च्या सुरुवातीला दरा शहरातल्या शाळकरी मुलांनी भिंतीवर लिहिलं, डॉक्टर, आता तुझी पाळी. राष्ट्राध्यक्ष डोळ्यांचे डॉक्टर होते. मुलांना पकडून छळ झाला आणि त्यावरून उसळलेल्या आंदोलनातून पुढचं यादवी युद्ध पेटलं. भिंतीवर काय लिहिलं याची शिक्षा नेहमी लिहिणाऱ्यालाच होते असंही नाही. पॅलेस्टाइनमधल्या १९८७ च्या उठावात घोषणा कुणीही लिहिली तरी पुसायला सैनिक त्या घरातल्यांना लावायचे. म्हणून कुणाची भिंत हा पहिला प्रश्न असतो. घरमालकाला, दुकानदाराला विचारल्याशिवाय त्याच्या भिंतीवर तुमचा संताप लादणं हीसुद्धा एक दडपणूकच झाली. परवानगी घेतलेली भिंत मिळमिळीत असते असा समज आहे. तो खोटा आहे. परवानगी देणारा माणूस तुमच्या बाजूने उभा राहिलेला पहिला माणूस असतो, आणि पुसायला आलेल्याशी भांडतोही तोच.

दुसऱ्याचं दुःख रंगवणाऱ्यांना एक वेगळी सूचना. बँक्सी या ओळख लपवून भिंती रंगवणाऱ्या ब्रिटिश चित्रकाराने २००५ साली पॅलेस्टाइनमधल्या विभाजनाच्या भिंतीवर चित्रं काढली. तू भिंत सुंदर करतोयस, असं तिथला एक म्हातारा म्हणाला. बँक्सीने आभार मानले तर म्हातारा म्हणाला, आम्हाला ती सुंदर व्हायला नको आहे, आम्हाला तिचा तिरस्कार आहे, घरी जा. हा किस्सा बँक्सीनेच सांगितलेला आहे, त्याचं त्याला श्रेय. बाहेरून येऊन कुणाच्या कोंडमाऱ्यावर रंग चढवला की कोंडमारा सहन करण्याजोगा दिसायला लागतो. तात्याना फाझलालिझादेहने २०१२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सुरू केलेलं काम मला या बाबतीत आदर्श वाटतं. रस्त्यात होणाऱ्या छेडछाडीबद्दल ती आधी बायकांशी बोलते, मग त्यांचं पेन्सिलीने व्यक्तिचित्र काढते, खाली त्या बाईच्या बोलण्यातून आलेलं वाक्य मोठ्या अक्षरात टाकते, आणि तो कागद रस्त्यावरच्या भिंतीवर चिकटवते, जिथे हे सगळं घडतं. बायकांना हसायला सांगू नका, असं त्यांतलं एक वाक्य. चित्रातली बाई थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघते. रस्त्यात नजर खाली घालून चालावं लागणाऱ्या बाईला तिथे नजर वर करता येते. यात बोलण्याचा वेळ रंगवण्यापेक्षा जास्त जातो, आणि तो तसाच जायला हवा.

राहिला चित्र न येण्याचा प्रश्न. वर सांगितलेल्यांत बाह्याकृती आहे, क्रूस आहे, बेरजेचं चिन्ह आहे, जिन्याच्या पायऱ्या आहेत. हाँगकाँगमध्ये जून २०२० च्या अखेरीस राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. घोषणा लिहिणंच गुन्हा ठरू लागल्यावर लोकांनी भिंतींवर कोरे कागद चिकटवले. पोलिसांना वाचायला काही नव्हतं आणि लोकांना सगळं वाचता येत होतं. साओ पावलोमध्ये अलेक्सांद्रे ओरियोनने २००६ साली बोगद्याच्या भिंतीवरची काजळी फडक्याने पुसून कवट्यांची रांग काढली. रंगाचा थेंब नाही. पोलीस आले तेव्हा भिंत साफ करणं हा गुन्हा कसा, हे त्यांना सांगता येईना. शेवटी पालिकेने तो बोगदा धुतला, जे तिने आधीच करायला हवं होतं.

सुरुवात करायची तर स्टेन्सिल, म्हणजे अक्षरं कापून काढलेला साचा, घ्या. जाड प्लास्टिकचा कागद, धारदार कटर आणि पुरेसा वेळ. विचार घरी करायचा, रस्त्यावर फक्त छापायचं. आपल्या लिपीत एक अडचण येते ती आधीच सांगतो. शिरोरेषा सलग कापली तर कागदात लांब फट पडते, तो लोंबतो आणि रंग खाली झिरपतो. म्हणून दर अक्षरानंतर शिरोरेषा तोडा. ब, व, ठ, क यांच्या पोटातला तुकडा कापल्यावर गळून पडतो, त्याला धरून ठेवणारी बारीक पट्टी दोन बाजूंना सोडा. अक्षर वीतभर तरी उंच हवं, नाहीतर रस्त्याच्या पलीकडून वाचता येत नाही. शब्द कमी ठेवा. चालता माणूस चार-पाच शब्द वाचतो, सातवा वाचत नाही. डब्यातला रंग भिंतीच्या फार जवळून फवारू नका, ओघळतो. दोन पातळ हात द्या, एक जाड नको. चुन्याच्या भुसभुशीत भिंतीवर आधी हात फिरवून बघा. हाताला पांढरं लागलं तर रंग धरणार नाही, तिथे कागद आणि खळच बरी. खळ मैद्याची, पाण्यात शिजवलेली, कागदाच्या मागे आणि वरूनही. उन्हाच्या भिंतीवर लाल रंग सगळ्यात आधी फिका पडतो, हे ठरवताना लक्षात असू द्या.

जागा निवडताना मोठ्या रस्त्याचा मोह टाळा. जिथे माणसं थांबतात ती जागा घ्या: बसची वाट बघतात तिथे, पाणी भरतात तिथे, जिन्याच्या वळणावर. डोळ्याच्या उंचीवर, आणि शेजारी थोडी मोकळी भिंत असेल अशी. फोटो काढा, पण काम करणाऱ्यांचे चेहरे त्यात नकोत, मागच्या दुकानाचं नाव नको, आणि फोटो त्याच रात्री टाकू नका.

पहिल्या काही दिवसांत तुमच्या चित्राखाली कुणीतरी काहीतरी लिहील. चांगलं असेलच असं नाही. शिवी असेल, टिंगल असेल, तुम्हाला अजिबात न पटणारं काही असेल. लगेच पुसायला धावू नका. आधी फोटो काढा, दोन दिवस तसंच राहू द्या, कारण बऱ्याचदा तिसरा माणूस येऊन त्याला उत्तर देतो आणि ते तुमच्यापेक्षा चांगलं देतो. एखाद्या खऱ्या माणसाचं नाव, पत्ता किंवा ओळख पटेल असं काही कुणी लिहून गेलं असेल तर मात्र तेवढा भाग त्याच दिवशी रंगवून टाका, भले त्यासाठी तुमचं चित्र अर्धं झाकलं गेलं तरी.